श्वास तोलणाऱ्या मॅडम

"सर, जरा हा करा ने."

आमच्या मॅडमची माझी ही पहिली भेट. नमस्कार नाही, चमत्कार नाही. मी मैदानावरून घामाघूम होऊन येत होतो, गळ्यात शिट्टी, काखेत व्हॉलीबॉल, आणि या बाई भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या दारात उभ्या राहून मला सांगतायत, हा करा. चष्म्याची काच पुसायच्या आधी आपण तोंड उघडून करतो ना, तसा. मला वाटलं, कोण पिऊन आलंय ते तपासायची नवी पद्धत निघाली की काय कॉलेजात. म्हटलं, "मॅडम, मी घेत नाही."

"घेत नाही ते बराबर. पण सोडता ने? मग सोडा इथे."

त्यांच्या तळहातावर एक हिरवी पट्टी होती, तिच्यावर दोन तारांच्या पायांवर उभी असलेली काचेची टिकली. खरंच टिकली, बायका कपाळाला लावतात तेवढी. मधे चांदीचा ठिपका. बाजूला लाल आकडे पळणारा एक डबा. मी भीत भीत हा केला. आकडे धाडधाड खाली उतरले, थोडे रेंगाळले आणि हळूहळू चढत पुन्हा जागेवर आले.

"हे तुमच्या श्वासातल्या वाफेचं वजन," मॅडम म्हणाल्या. "आली, बसली, उडून गेली. तिन्ही दिसलं ने?"

मी खेळाचा मास्तर. वजन म्हणजे काय हे मला चांगलं ठाऊक. कबड्डीच्या मोसमात वजनगटात बसावं म्हणून एकेक धटिंगण मी काट्यावर उभा करतो, आणि काटा जरा पुढे गेला तर त्याला मैदानाला चकरा मारायला लावतो. पण वाफेचं वजन? मी पुन्हा हा केला. मग शिट्टीतून फुंकर मारली. मग म्हटलं आता लांबून करून बघू. पहिला तास माझा नववीतल्या पोरासारखा तिथेच गेला, आणि मैदानावर मुलं माझी वाट बघत उन्हात उभी राहिली.

साल दोन हजार चौदा. डहाणूला, समुद्राला जवळजवळ पाठ लावून उभं असलेलं आमचं छोटं कॉलेज. मॅडम तिथे तासिका तत्त्वावर शिकवायला आल्या होत्या, म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढाच पगार आणि उन्हाळ्यात घरी बसा. राहायच्या तलासरीला, म्हाताऱ्या आईबरोबर; गुजरातची हद्द जवळ, म्हणून बोलण्यात ते 'ने'. नवरा वापीला कारखान्यात. रोज जीपमध्ये चौथ्या माणसाच्या जागेवर सहावं होऊन बसायचं आणि यायचं. चाळिशी ओलांडलेली, बांधा किरकोळ, साडी नेहमी एका बाजूने वर खोचलेली, आणि हातात स्टीलचा डबा. त्या डब्यात चपाती नसायची. कापसात गुंडाळलेल्या टिकल्या असायच्या. चपाती पिशवीत कागदात. एकदा जीपमधल्या कुणीतरी डबा पायाखाली घेतला तर मॅडमनी अशी किंकाळी मारली म्हणे, की ड्रायव्हरने जीप रस्त्याच्या कडेला घेतली.

या टिकल्या त्या विकत आणत नसत. गावातल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानांत जाऊन भंगारात हात घालायच्या. मोडक्या यंत्रांत एक चपटी, चकचकीत, पत्र्याची डबी असते, करंगळीच्या नखाएवढी. कानशीने तिची कड घासायची, अगदी हळू, घासता घासता टोपण सुटतं, आणि आत ही स्फटिकाची टिकली. भिंतीवरच्या घड्याळावर क्वार्ट्झ लिहिलेलं असतं ना, तोच स्फटिक. त्याला वीज दिली की तो थरथरतो. किती? सेकंदाला लाखो वेळा. मी म्हटलं, "मॅडम, काहीतरी सांगू नका."

"अरे सर, तुमच्या भजनी मंडळात पखवाजाला कणीक लावतात ने? कणीक जास्त झाली तर काय होतं?"

"आवाज खाली उतरतो."

"बस. ही पण पखवाजाच्या कातड्याची पुडीच. हिच्यावर कोणी बसलं, की ही खाली उतरते. फक्त कणीक इतकी पातळ, की तुम्हाला दिसणार नाही, मला दिसणार नाही. हिला कळते."

मला ते एकदम पटलं. आमच्या आगर गावच्या मंडळात मीच पखवाज वाजवतो, त्यामुळे हे ज्ञान आपल्या घरचंच निघालं असं वाटून मी दोन दिवस सगळ्यांना सांगत सुटलो.

मॅडमचं एक वाक्य ठरलेलं. "काहीतरी चिकटलंय." आकडा कारण नसताना उतरला की हे म्हणायच्या, आणि म्हणताना डोळे असे चमकायचे, जसं घरी अचानक माहेरचं माणूस आलंय. मग हळूहळू हे वाक्य टिकलीपुरतं राहिलं नाही. प्राचार्य सकाळपासून कुणावर ओरडले नाहीत, तर मॅडम माझ्या कानाशी, "सरांवर काहीतरी चिकटलंय. आवाज उतरलाय बघा." आणि खरंच, चौकशी केली तर त्यांच्या घरी काहीतरी बिनसलेलं असायचं. एकदा माझा संघ पालघरला हरून आला. मी शिक्षकांच्या खोलीत हसत खिदळत होतो, कुणाला पत्ता लागू देत नव्हतो. मॅडम समोर येऊन बसल्या, माझ्याकडे पाहत राहिल्या, आणि शेंगदाण्याची चिक्की पुढे सरकवली. मला भडभडून आलं, खोटं कशाला बोलू!

आता त्या एवढा खटाटोप कशासाठी करत होत्या ते सांगतो. आमच्याकडे चिकू. वाड्याच्या वाड्या. पण चिकू म्हणजे भलता नाजूक जीव, झाडावरून उतरवला की चार दिवसांत मऊ, पाचव्या दिवशी दारू. मॅडमचं म्हणणं, चिकूला जर भाताच्या पेजेचा अगदी पातळ थर दिला, त्यात थोडं मेण, तर तो थर फळातून बाहेर पडणारा, पिकवणारा वायू धरून ठेवील का, की जाऊ देईल? फळावर हे मोजता येत नाही. टिकलीवर येतं. म्हणून टिकलीवर पेजेचा थेंब टाकायचा आणि ती गरगर फिरवायची, म्हणजे जादा पेज उडून जाते आणि नजरेला न दिसणारा थर राहतो. फिरवायला यंत्र नव्हतं. मॅडमनी कँटीनचा जुना मिक्सर मागून आणला. भांडं काढून टाकलं, वर बाटलीचं बूच बसवलं, बुचावर टिकली. पहिल्या दिवशी टिकली उडून थेट प्राचार्यांच्या चहात. प्राचार्यांनी ती चमच्याने बाहेर काढली आणि विचारलं, "ही आता धुवून चालेल का?" चांगला माणूस होता तसा.

मग काचेच्या बरणीत दोन चिकू, आणि त्यांच्याबरोबर पेज लावलेली टिकली. फळाला हवा लागते म्हणून बरणीच्या तोंडाला नुसतं मलमलचं कापड. शेजारच्या कपाटात, बंद डब्यात, दुसरी पेज लावलेली टिकली, चिकूशिवाय. दोघींची तुलना करायची.

आणि गंमत अशी, की बरणीतल्या टिकलीचा आकडा रोज उतरत गेला. दुपारी जास्त, रात्री कमी, पण उतरला तो पुन्हा चढेना. श्वासासारखा उडून जाईना. कपाटातली मात्र जिथल्या तिथे. मॅडम काय खूश झाल्या म्हणता! पेजेचा थर चिकूतलं काहीतरी पकडतो आणि सोडतच नाही, असं कुणी आजवर दाखवलं नव्हतं. मुंबईचे त्यांचे मार्गदर्शक, ज्यांच्या हाताखाली त्या पीएचडी करत होत्या, ते फोनवर म्हणाले, हाच तुमचा प्रबंध. मॅडमनी सगळ्या स्टाफला पेढे दिले. टिकलीचा थर तपकिरी दिसायला लागला होता, तो आम्हा सगळ्यांना दाखवला. "चिकूचाच रंग, बघा ने!" आम्ही मान डोलावली. आम्हाला काय, तपकिरी दिसलं म्हणजे चिकूच.

त्या पीएचडीवर मॅडमचं सगळं अवलंबून होतं. कॉलेजात भौतिकशास्त्राची एक कायम जागा निघणार होती. प्राचार्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "मॅडम, प्रबंध जमा करा, जागा तुमची. नाहीतर बाहेरून पदवी असलेला माणूस घ्यावा लागेल, माझ्या हातात काही नाही." विद्यापीठाने एकदा मुदत वाढवून दिली होती, पुन्हा मिळणार नव्हती. आई म्हातारी, तिची औषधं, उन्हाळ्यातले पगाराविना महिने. कायम जागा म्हणजे काय, हे ज्यांनी तासावर शिकवलंय त्यांनाच कळेल.

मॅडम काळजी घेण्यात कसर करणाऱ्या नव्हत्या बरं का. टिकलीला कसल्याही वाफेची, वासाची हवा लागता कामा नये, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण अडचण अशी, की मॅडमना वासच येत नसे. लहानपणी मोठं दुखणं झालं होतं, त्यात गेला तो गेला. "माझं नाक फक्त चष्मा ठेवायला," असं स्वतःच सांगायच्या. म्हणून प्रयोग मांडायच्या आधी त्यांनी आमची नाकं मागितली. मला बोलावलं, प्राचार्यांना बोलावलं, ऑफिसातल्या क्लार्कला, शिपायाला. "जरा लांब श्वास घ्या आणि सांगा, इथे कसला वास येतो?"

आम्ही छात्या फुगवल्या. आतल्या दारातून रसायनशास्त्राच्या ॲसिडचा वास येत होता, तो सगळ्यांना आला. मॅडमनी ते दार बंद करून फटीत चिंध्या कोंबल्या.

"आणि इकडून?" त्यांनी पश्चिमेची खिडकी उघडली. समुद्राचा गार वारा आत आला.

"अहाहा!" प्राचार्य म्हणाले.

"एकदम शुद्ध हवा, मॅडम," मी म्हटलं. "पैसे देऊन लोक येतात अशी हवा खायला."

बरणी त्या खिडकीपाशी ठेवली. साडेतीन वर्षं वेगवेगळ्या बरण्या, वेगवेगळ्या टिकल्या, पण जागा तीच. पावसाळ्यात दमट हवेने आकडे नाचतात म्हणून तेवढे महिने प्रयोग बंद.

खिडकीबाहेर कॉलेजची भिंत, भिंतीपलीकडे वाळूची मोकळी जागा, आणि त्या जागेत माझ्या सख्ख्या मावशीच्या वलांड्या. तुम्ही वरच्या बाजूचे, घाटावरचे असाल तर सांगतो, वलांडी म्हणजे बांबू रोवून त्यांना दोऱ्या बांधलेल्या असतात, त्यावर बोंबील वाळवतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टांगायची. पावसाळा सरला की हजारो जोड्या लटकतात, पार मे महिन्यापर्यंत. मी त्या वासात जन्मलो, प्राचार्य त्याच वासात जन्मले, क्लार्क आणि शिपाईही किनाऱ्यावरचेच. आम्हाला तो वास येतो का म्हणून विचारणं म्हणजे माशाला पाणी ओलं लागतं का विचारणं. आम्ही कुणीही खोटं बोललो नाही हो! देवाशपथ सांगतो, आम्हाला काही येतच नव्हतं.

प्रबंध टाइप होऊन आला होता. दोन आठवड्यांत जमा करायचा. आणि नेमका तेव्हा नाशिककडचा एक माणूस सूक्ष्मदर्शक विकायला आला. प्रयोगशाळेत पाऊल ठेवलं आणि त्याने खिशातून रुमाल काढून नाकाला लावला. मॅडम चहा ओतत होत्या, मी तिथेच बसलो होतो.

"कमाल आहे मॅडम तुमची," तो रुमालातून बोलला. "या वासात कसं काम करता तुम्ही?"

"कसला वास?" मी विचारलं.

"कसला काय विचारता! सुक्या मासळीचा. डोकं उठलं माझं."

मी दोनदा नाक वर करून हुंगलं. "कुठे येतोय?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जसं याला डॉक्टरकडे न्यायला हवं. पण मॅडमनी किटली खाली ठेवली होती. त्या खिडकीकडे बघत होत्या. "दुपारी जास्त येत असेल ने?" त्यांनी त्या माणसाला अगदी हळू विचारलं. "समुद्राकडून वारा सुटल्यावर?" त्याला बिचाऱ्याला काय माहीत! तो म्हणाला, "मी तर आत्ताच आलो, मॅडम." सूक्ष्मदर्शक घेतला की नाही कुणी, मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडम तीन नव्या टिकल्या घेऊन आल्या. पेज नाही, चिकू नाही, कोऱ्या. एक खिडकीत टांगली. एक बंद बरणीत ठेवली. तिसरी घेऊन मला म्हणाल्या, "चालो, मावशीकडे."

मावशी बोंबील उलटेपालटे करत होती. मॅडमनी दोऱ्याने टिकली वलांडीवर दोन जोड्यांच्या मधे बांधली. मावशी कमरेवर हात ठेवून बघत होती. "काय गो बाय, हे काय बांधतेस?"

"मावशी, हे तुमच्या बोंबलांचा वास तोलणार."

"तोल. मग कोण घेणार आहे तो वास?" मावशी म्हणाली आणि स्वतःच खो खो हसत सुटली.

संध्याकाळी टिकली सोडून आणली आणि आकड्यांच्या डब्याला जोडली. आकडा इतका खाली, की मॅडमनी तारा काढून पुन्हा जोडल्या. तेवढाच. चांदीचा ठिपका काळवंडला होता, पेटीत ठेवलेलं पैंजण काळं पडतं ना, तसा. मॅडमनी समजावलं मला. मासळी वाळताना तिच्यातून गंधकाचा वायू सुटतो, तो चांदीला धरतो आणि मग काही केल्या सोडत नाही. चार दिवसांनी खिडकीतली टिकलीही तशीच उतरली, बरणीतल्या टिकल्या उतरायच्या त्याच चालीने, दुपारी जास्त, रात्री कमी. बंद बरणीतली जागची हलली नाही. पेजेखालचा तपकिरी रंग चिकूचा नव्हता.

आता ऐका. मॅडमना त्या क्षणी काय झालं असेल? आनंद! मी तिथे होतो म्हणून सांगतो. त्या टाळ्या वाजवायच्या तेवढ्या राहिल्या. "सर, समजलं ने? पेज काही करत नव्हती. चिकू काही करत नव्हता. वारा येत होता, वारा! किती सरळ होतं!" अर्धा तास त्या प्रयोगशाळेत येरझाऱ्या घालत, खिडकी उघडत, लावत, बोलत होत्या. मग एकदम स्टुलावर बसल्या. टाइप होऊन आलेला प्रबंध समोर टेबलावर होता. त्यांनी त्याच्यावर हात ठेवला. मला वाटलं पाणी द्यावं. दिलं. प्यायल्या नाहीत.

पुढचा आठवडा कॉलेजात दुसरा विषय नव्हता. प्राचार्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, बोंबील काय विद्यापीठात साक्ष द्यायला येणार आहेत? जमा करा आणि मोकळ्या व्हा. सुधारणा नंतर करा." मार्गदर्शकांनी फोनवर सांगितलं, एक तळटीप टाका, किनाऱ्याच्या हवेचा थोडा परिणाम असू शकतो म्हणून.

"थोडा कुठे, सर?" मॅडम फोनमध्ये म्हणाल्या. "सगळी आमटीच बोंबलाची आहे. यात चिकू कुठे आहे?" जन्मात मासळी न खाल्लेली बाई हे बोलत होती. मला हसू आलं आणि लगेच स्वतःचाच राग आला.

प्राचार्य शेवटी म्हणाले, "बरं, विद्यापीठाच्या हातापाया पडून मी एक हंगाम मागून बघतो. त्या वलांड्या उचलायला लावू. जागा कॉलेजच्या भिंतीलगतची आहे, नोटीस देता येईल." मावशीच्या वलांड्या! मी खुर्चीतून उठलोच. पण माझ्याआधी मॅडम बोलल्या. "नाही सर. त्यांना वाळवायला वारा लागतो, मला बंद बरणी लागत होती. चूक माझ्या बरणीची. त्यांनी कशाला हलायचं?" विद्यापीठाने मुदत दिली नाहीच.

मी भांडलो त्यांच्याशी. सगळे गोड बोलून दमले, मी चिडून बोललो. म्हटलं, "मॅडम, तुम्ही वेड्या आहात. ठार वेड्या. कोण बघणार आहे? अर्ध्या जगाचे प्रबंध कपाटात वाळवी खाते. तुमच्या आईला काय सांगणार, बोंबलापायी नोकरी घालवली?"

मॅडम रडायला लागल्या. मला कुठे तोंड लपवू असं झालं. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "वाईट वाटतं हो सर. खूप वाटतं. रात्री झोप नाही लागत. पण तुम्ही सांगा, काटा बिघडला म्हणून तुमचा एखादा जड पोरगा वजनात बसला, आणि हे तुम्हाला समजलं, तर तो कप तुम्ही घ्याल?"

"घेईन!" मी म्हटलं. "नाचत घेईन. मिरवणूक काढीन!"

रडता रडता मॅडमना असं हसू फुटलं, की ठसका लागला. मग मीही हसलो. हसून झाल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही घ्या सर. मला नाही जमणार. उद्या कोणी चिकूवाला माझी पेज लावून माल दिल्लीला पाठवेल, आणि सगळा सडेल. त्याला मी काय सांगू, की वारा छान होता?"

मी शिट्टी उचलली आणि मैदानावर गेलो.

प्रबंध जमा झाला नाही. जागेवर बाहेरून पदवीवाले सर आले, हुशार आहेत, माणूसही बरा आहे, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. मॅडम पुढे तलासरीच्या पूर्वेला, डोंगराकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागल्या. अठरा सालच्या दिवाळीनंतर आमच्याकडे जमीन हादरायला लागली, आठवतं ना, डहाणू-तलासरीचे लोक महिनोन् महिने अंगणात झोपत होते. मी काळजीने फोन केला तर म्हणाल्या, आम्ही ठीक आहोत सर, वर्ग झाडाखाली भरतो, आणि मुलांनी पातेल्यात पाणी भरून ठेवलंय, हादरा आला की कुठल्या बाजूला आधी सांडतं ते बघतो. मी म्हटलं, "मॅडम, आधी जीव सांभाळा." एकोणीसच्या उन्हाळ्यानंतर तो नंबरही लागेनासा झाला. शाळेतून कळलं, आई गेली आणि त्या वापीला नवऱ्याकडे राहायला गेल्या. त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही.

पण कॉलेजातला त्यांचा शेवटचा दिवस तुम्हाला सांगायला हवा. एप्रिल संपत आला होता. निरोपाचं भाषण झालं, नारळ झाला, शाल झाली. मॅडम मला म्हणाल्या, "मावशीला सांगितल्याशिवाय कशी जाऊ?" आम्ही भिंतीला वळसा घालून गेलो. कुणीतरी मावशीला सगळी हकीकत सांगितली होती. मॅडमना पाहताच ती हातातली टोपली टाकून पुढे आली. "काय गो बाय! एक शब्द बोलली असतीस तर एक हंगाम त्या टोकाला बांधली असती ना वलांडी! माझ्या बोंबलांनी तुझं एवढं शिक्षण खाल्लं!" मावशी रडवेली झाली होती. आमची मावशी, जी नवरा गेला तेव्हाही चारचौघांत रडली नव्हती.

मॅडमनी तिचा हात धरला आणि खाली वाळूत बसल्या. निरोपाची नवी साडी, शाल तशीच खांद्यावर. "मावशी, शिकवा ने मला. जबड्यात जबडा कसा अडकवता?" मावशी नको नको म्हणत होती, ही शाकाहारी बाई. पण मॅडमनी टोपलीतून दोन ओले, लिबलिबीत बोंबील उचलले. पहिली जोडी निसटली. दुसरी निसटली. तिसरी अडकली, आणि त्यांनी ती स्वतः उठून दोरीवर टांगली. मग पुन्हा बसल्या, आणि हात चालवता चालवता मावशीला विचारत राहिल्या. वास कुठल्या दिवशी सगळ्यात जास्त येतो, पहिल्या की तिसऱ्या? ढग आले तर वाढतो का? जबड्याकडून येतो की पोटाकडून? मावशी अगदी विचार करकरून उत्तरं देत होती. एवढी वर्षं बोंबील वाळवले, पण तिला हे कुणी विचारलंच नव्हतं.

जीपची वेळ झाली. मॅडमनी हात वाळूने घासले, मावशीने तांब्याने पाणी घातलं, पण बोंबील असा जातो थोडाच. नाक्यावर तलासरीची जीप भरत आली होती. मॅडम आत सरकल्या, मांडीवर स्टीलचा डबा, नारळ आणि शाल. मला खूप काही बोलायचं होतं. तोंडातून निघालं एवढंच, "पोचलात की फोन करा."

"करते ने, सर."

त्यांच्या शेजारी एक आदिवासी बाई बसली होती, बाजार करून परतणारी. तिने मान वळवून मॅडमकडे पाहिलं आणि मोठ्या आपुलकीने विचारलं, "बोंबील कुठून घेतले, बाई? चांगले दिसतायत वासावरून."

मॅडमनी आपले दोन्ही तळहात नाकापाशी नेले. लांब श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग ते हात त्या बाईच्या चेहऱ्यासमोर धरले. जीप सुटली होती, इंजिनाचा आवाज होता, तरी मला ऐकू आलं.

"येतो वास? कसा असतो, सांगा ने मला."